सातव्या मजल्यावरचं ऊन

‘आधी घर, मग औषध, या एका विचारासाठी परबबाईंनी आपलं आयुष्य वेचलं.’

हे वाक्य माझं. संस्थेच्या वार्षिक अहवालात बाईंच्या फोटोखाली दोन ओळींची जागा रिकामी राहत होती आणि छापखान्याचा माणूस समोर बसून चहा संपवत होता. अहवाल छापून आल्यावर बाईंनी तो उघडला, फोटोत आपण जाड दिसतो म्हणून फोटोग्राफरला शिवी दिली आणि मग ते वाक्य बोट ठेवून वाचलं.

“वेचलं म्हणजे काय रे, लेखका? मी मेले काय?”

“नाही बाई. तसं लिहायची पद्धत असते.”

“मग मेल्यावर काय लिवणार? सगळं आताच संपवलंस.”

आता बाई खरंच नाहीत, आणि लिहायचं पुष्कळ उरलं आहे. त्यातलं बरंचसं अहवालात बसण्यासारखं नाही.

आमच्या संस्थेचं ऑफिस घाटकोपरला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. बाई काम करायच्या आणि मी त्या कामाला विशेषणं लावायचो. रात्री पुलाखाली झोपणारा माणूस माझ्या टेबलावरून पुढे जाताना ‘निवाराविहीन लाभार्थी’ होऊन जायचा. हे वाचून देणगीदारांना बरं वाटत असे. बाईंना माझ्या कामाबद्दल आदर नव्हता, पण राग पण नव्हता. घरात एखादा शोभेचा मासा असावा तसं त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं.

बाई ठेंगण्या आणि रुंद. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर परळची खोली विकून कुटुंब मुलुंडला आलं, तरी आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याला ऐकू जाईल असाच राहिला. राग आला की मालवणी सुरू व्हायचं. नवरा गप्प असायचा. त्याचा स्वभावच तसा होता की घरात बोलायला जागा उरली नव्हती, हे मी कधी विचारलं नाही.

संस्थेत येण्याआधी त्या आरोग्यसेविका होत्या. टीबीच्या रोग्यांना रोज समोर बसवून गोळ्या द्यायच्या. त्यांची एक पद्धत होती. गोळी तोंडात टाकायला लावायच्या, वर पाणी, आणि मग विचारायच्या, “गाव सांग.” गालात गोळी दडवून ठेवलेल्या माणसाला गावाचं नाव धड सांगता येत नाही. गोळी खरंच गिळलेला माणूस मात्र गावाबरोबर तालुका, पिकं, भावकीतलं भांडण, सगळं सांगत बसतो. त्यामुळे बाईंना अर्ध्या महाराष्ट्राची गावं ठाऊक होती आणि आपलं गाव सोडून एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

फुटपाथवरच्या रोग्यांची गोष्ट वेगळी. मधूनच अतिक्रमणवाल्यांची गाडी यायची आणि ताडपत्री, भांडी, कपडे उचलून न्यायची. त्यात गोळ्यांची पाकिटंही जायची आणि माणसं पांगायची. बाई आधी त्या गाडीच्या डेपोत जाऊन भांडून गोळ्या सोडवून आणायच्या, मग माणूस शोधत फिरायच्या. अशा एका फेरीनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि आमच्याकडे आल्या. मुलाखतीत आमच्या विश्वस्तांनी विचारलं, “आरोग्याचं काम सोडून बेघरांच्या कामात का येता?”

“काम तेच ओ. गोळी द्यायला माणूस तर सापडायला पायजे! त्याला दार द्या. दाराला कडी द्या. मग बघा.”

विश्वस्त प्रभावित झाले. त्यांना वाटलं हा काहीतरी विचार आहे.

बाईंना ‘मामी’ हे नाव इस्पितळाने दिलं. पुलाखालच्या कोणाचा पाय मोडला, कोणाला रक्ताची उलटी झाली की भरती करून घेत. प्रश्न सोडताना यायचा. नातेवाईक आल्याशिवाय घरी पाठवता येत नाही, आणि या माणसांना नातेवाईक नाहीत आणि घरही नाही. मग बाई उभ्या राहायच्या.

“तुम्ही कोण?”

“मामी.”

सही करायच्या आणि माणसाला आमच्या निवारागृहात न्यायच्या. जुन्या शाळेच्या दोन वर्गांत ते चालायचं. जखम भरेपर्यंत, गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत माणूस तिथे राहायचा. असे भाचे वाढत गेले. शेवटी वॉर्डातल्या सिस्टरने एकदा चष्म्यावरून पाहिलं.

“मामी, मागच्या महिन्यातला तुमचा भाचा मुसलमान होता ना?”

“मोठ्या नणंदेने लव्ह मॅरेज केलं.”

“आणि हा मद्रासी?”

“धाकटीने पण.”

सिस्टरने कागद पुढे सरकवला. तेव्हापासून इस्पितळात, निवारागृहात, पुलाखाली त्या सगळ्यांच्या मामी झाल्या. वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना मामी म्हणायची. मी एकटा त्यांना बाई म्हणत राहिलो. भाचा व्हायला काहीतरी मोडलेलं असावं लागतं असा माझा समज होता.

शेवंताबाई त्या पुलाखालचीच. जालन्याकडून दुष्काळात आलेली, स्टेशनबाहेर गोणपाटावर लसूण विकायची. मुलगी बाळंतपणात गेली, जावई निघून गेला, आणि नात मनीषा तिच्याकडे राहिली. पोरगी हुशार होती. दिव्याच्या खांबाखाली अभ्यास करायची. हे मी अहवालात लिहिलं तेव्हा बाई म्हणाल्या, “एवढं कौतुक करू नको. तिला टेबल-खुर्ची दिली असतीस तर तिथे पण केला असता.”

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि त्या पट्ट्यातल्या लोकांना गोवंडीच्या पलीकडे पुनर्वसनाच्या वसाहतीत खोल्या मिळणार असं ठरलं. पात्र कोण, अपात्र कोण, यावर बाई वर्षभर भांडल्या. शेवंताबाई पात्र ठरली. खोल्या वाटायच्या दिवशी मंडप होता, हार होते, ध्वनिक्षेपक होता. चिठ्ठ्या काढून मजले ठरणार होते. बाई थेट अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“म्हाताऱ्या माणसांना चिठ्ठी नको. त्यांना खालचे मजले द्या.”

“मॅडम, लिफ्ट आहे इमारतीत.”

“आज आहे. उद्या ती बंद पडल्यावर ह्या म्हातारीक तुम्ही खांद्यावर नेतलास?”

गलका झाला. मागून टाळ्या पडल्या. अधिकारी भला माणूस होता, त्याने मानलं. म्हातारे, अपंग, दमेकरी, बाईंच्या यादीतले झाडून सगळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर गेले. शेवंताबाईला पहिला मजला मिळाला. तिचा हातात किल्ली धरलेला फोटो मी अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकला. बाईंनी त्या दिवशी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले आणि मला दोन दिले. तसं त्या सहसा करत नसत.

लिफ्ट चार-सहा महिन्यांत बंद पडली. चौथ्या मजल्यावर अडकली आणि तिथेच राहिली; लोक तिच्यात सायकली ठेवू लागले. बाई प्रत्येकाला ती नेऊन दाखवायच्या. “बघ. सांगितलं होतं का नाय?” त्यांच्या आयुष्यातला तो निर्विवाद विजय होता.

त्या वसाहतीत इमारती इतक्या जवळजवळ आहेत की एका खिडकीतून समोरच्या खिडकीत तवा देता येतो, आणि बायका देतातही. मधल्या गल्लीत वरून कचरा पडतो. देवनारच्या कचराभूमीकडून वारा आला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि वारा बहुधा तिकडूनच येतो. वरच्या मजल्यांवर ऊन येतं. खाली दुपारी बाराला ट्यूबलाइट लावून तांदूळ निवडतात.

बाईंनी तिथे पुन्हा टीबीच्या गोळ्या वाटायचं काम मागून घेतलं. घर झालं, आता औषध, असा त्यांचा हिशेब. तेव्हा त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, आणि लिफ्ट बंद, म्हणून मी म्हणालो, “बाई, एवढे जिने झेपतील का?”

“अरे, चढावंच लागत नाय,” बाई सहज म्हणाल्या. “माझे सगळे पेशंट खालीच आहेत.”

हे बोलून त्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. मग शोधायच्या थांबल्या. हात पिशवीतच राहिला. मी कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत होतो, म्हणून मला वर बघायला वेळ लागला. बघितलं तेव्हा बाई भिंतीकडे बघत होत्या.

“सगळे खालीच आहेत रे,” त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी आवाज अगदी बारीक होता. “मीच बसवले.”

मी म्हणालो की कारणं अनेक असतात, आधीची आबाळ असते, खाणं नसतं. सगळं खरं होतं. बाईंनी ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून त्यांना एक खोड लागली. कोणत्याही खोलीत शिरल्या की आधी हात पुढे करायच्या आणि जमिनीवर सावली पडते का बघायच्या. सरकारी कचेरीत, लग्नाच्या हॉलमध्ये, माझ्या घरी सत्यनारायणाला आल्या तेव्हासुद्धा. सावली पडली तर बसायच्या. नाही पडली तर दारातच उभ्या राहून बोलायच्या. माझ्या घरी त्या दारात उभ्या राहिल्या.

त्यानंतर वर्षभरात मनीषाला खोकला सुरू झाला. तेव्हा ती कॉलेजात जायला लागली होती. थुंकी तपासली, टीबी निघाला. बाई रोज सकाळी जाऊन गोळ्या द्यायच्या, गाव विचारायच्या. मनीषा म्हणायची, “मामी, माझं गाव घाटकोपरचा पूल.” ती गोळ्या नियमाने घेत होती. तरी पोरगी सुकत चालली. एकीकडे गोळ्या पोटात जात होत्या आणि उरलेला सगळा दिवस ती त्या ओलसर अंधारात पडून होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीण म्हणाल्या, खाणं वाढवा आणि मोकळ्या हवेत, उन्हात बसवा. हे सांगणं सोपं होतं. वसाहतीत ऊन होतं, फक्त ते गच्चीवर होतं आणि गच्चीला कुलूप होतं.

किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. बाईंनी पोरीचं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, “टीबीचा पेशंट गच्चीत? काय झालं तर जबाबदार कोण? नियम आहे, मामी.”

बाई परत आल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरींच्या बायकोला गाठलं. पापडाचं काय करता, असं विचारलं. मग इमारतीतल्या बायका जमवल्या, उडदाचं पीठ आणवलं. पापड खोलीत वाळत नाहीत. सेक्रेटरी नियमाविरुद्ध जाऊ शकत नव्हते, आणि बायकोविरुद्ध तर मुळीच नाही. गच्ची उघडली. आणि पापडांवरून कावळे हाकायला कोणीतरी हवं, म्हणून कॉलेज बुडालेली एक मुलगी वर बसू लागली. हातात लांब काठी, डोक्यावर ओढणी, पापडांपासून दूर पाण्याच्या टाकीच्या कडेला.

“कोर्स सुरू होऊन इतके महिने झालेत, तिच्यापासून आता कोणाला काय होत नाय,” असं बाईंनी मी न विचारताच मला सांगितलं. डॉक्टरिणींना विचारून त्यांनी खात्री करून घेतली होती. मनीषाचं वजन वाढलं. मी एकदा वर गेलो होतो. सगळी गच्ची पांढऱ्या चकत्यांनी भरलेली आणि ती पोरगी टाकीला टेकून पुस्तक वाचत होती. कावळे पापड खात होते.

हे टिकलं नाही. कोणीतरी तिला दवाखान्याच्या रांगेत पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. बायकांनी डबेच्या डबे पापड कचऱ्यात ओतले. बाई धावत गेल्या. जिन्यात गर्दी होती. त्यांनी एका डब्यातून पापड उचलला आणि कच्चाच खाल्ला. मग दुसरा. चावताना कर्रकर्र आवाज येत होता.

“बघा. खाल्लो. मेलंय मी?”

सेक्रेटरींची बायको डोळे पुसत होती, पण गच्चीची किल्ली तिने नवऱ्याच्या हातात दिली.

त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर लोखंडे नावाचे गृहस्थ राहायचे. जुने सुतार, सत्तरीचे, एकटे. त्यांचं पात्रतेचं प्रकरण अडकलं होतं, ते सुटेपर्यंत खालच्या खोल्या वाटून झाल्या. तेव्हा गुडघे ठीक होते. आता गुडघे गेले होते आणि लिफ्ट बंद पडल्यापासून ते खाली उतरलेच नव्हते. शेजारीपाजारी भाजी आणून द्यायचे. त्यांच्या खोलीत सकाळपासून ऊन असायचं. बाईंना हे ठाऊक होतं, कारण लोखंडे त्यांना कित्येक महिने सांगत होते, “मामी, मला खाली कोणाशी अदलाबदल करून द्या. कागदाचं राहू दे. आपसात करू.”

ठरावीक वर्षं होईपर्यंत खोली बदलता, विकता येत नाही असा नियम होता. पण आपसातली अदलाबदल सर्रास चालायची. बाई लोखंड्यांना टाळत होत्या. एकदा मला म्हणाल्या, “एकाक वर काढायचा म्हणजे दुसऱ्याक खाली ढकलायचा. माका नाय जमणा.” ही मालवणी रागाची नव्हती.

पापड फेकल्यानंतर बाई स्वतः सातव्या मजल्यावर चढून गेल्या. मी बरोबर होतो. त्यांना मध्ये तीनदा बसावं लागलं. लोखंडे खिडकीत विडी ओढत होते.

बाईंनी काही लपवलं नाही. “लोखंडे, खालच्या खोलीत ऊन नाय. हवा नाय. तिथे माणसं आजारी पडतात. माझे सगळे पेशंट तिथलेच आहेत. हे ऐकून घ्या, मग हो म्हणा नायतर नाय म्हणा.”

लोखंड्यांनी ऐकलं.

“खाली गेटजवळ रमीचा डाव बसतो ना अजून?”

“बसतो.”

“आणि टपरी?”

“आहे. पण मी काय सांगते ते...”

“मामी, ऊन मी लई खाल्लं. चहा पिऊन किती वर्षं झाली माहितीये? टपरीचा. उभं राहून.” ते लगेच गाठोडं शोधायला लागले.

दोन बिऱ्हाडं वरखाली झाली. बाईंनी लोखंड्यांची खाट स्वतः धरून खाली उतरवली. आम्ही नको म्हणत होतो. शेवंताबाई वर चढली ती पुन्हा फारशी उतरली नाही. लसूण आता मनीषा घाऊक घेऊन यायची आणि म्हातारी खिडकीत बसून सोलून पाकिटं भरायची. मनीषा बरी झाली. कोर्स पुरा झाला, थुंकी स्वच्छ आली, परीक्षा दिली. आणि लोखंडे खाली राजासारखे राहिले. गेटजवळ खुर्ची टाकून रमी खेळायचे, हरले की पत्ते पिसणाऱ्यावर आरोप करायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून राजकारण सांगायचे. सेक्रेटरीला तर रोज. सगळी वसाहत त्यांना वैतागली होती. माणूस सुखी असल्याचं याहून चांगलं लक्षण मला ठाऊक नाही.

याच सुमारास बाईंना पुरस्कार मिळाला. जुहूच्या एका हॉटेलात परिषद होती. घर, बेघरपण आणि आरोग्य यांना जोडणाऱ्या कार्याबद्दल. हॉलला जाड पडदे आणि वर झुंबरं होती. बाईंनी दारातच हात पुढे केला.

“लेखका, बघ. चार सावल्या पडतात.”

“मग चांगलं ना?”

“खरा उजेड असला तर एकच पडते.”

तरी त्या आत गेल्या, कारण जेवण होतं. काचेचं छोटं घर असलेलं स्मृतिचिन्ह मिळालं. निवेदिकेने माझं ते वाक्य अहवालातून उचलून भावपूर्ण आवाजात वाचलं. बाईंना दोन शब्द बोला म्हणाले. बाई म्हणाल्या, “घरं द्या. पण द्यायच्या आधी तिथे जाऊन एक आख्खा दिवस बसा. दिवा न लावता.” जोरात टाळ्या झाल्या. मग आम्ही समुद्र दिसतो अशा टेबलावर जेवलो. रिक्षात बसताना बाईंचा फोन वाजला. शेवंताबाईचा होता. लोखंड्यांना खोकला लागलाय, ऐकत नाहीत, म्हणाली.

लोखंड्यांनाही टीबीच निघाला. बाई रोज गोळ्या घेऊन जाऊ लागल्या. “गाव सांगा,” म्हटलं की लोखंडे कधी लंडन सांगायचे, कधी दुबई. एकदा चंद्र सांगितलं. बाई खोटं खोटं रागवायच्या. एके सकाळी मात्र त्यांनी आपलं खरं गाव सांगितलं, साताऱ्याकडचं, वाडीसकट. बाई ऑफिसात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “लोखंडे काय राहत नाय आता.”

त्या आठवड्यातच ते गेले.

मी माझं काम केलं. म्हणजे योग्य शब्द शोधले. “बाई, ते सत्तरीच्या पुढचे होते. आयुष्यभर लाकडाचा भुसा छातीत गेलेला. विड्या ओढायचे.”

“हां,” बाई म्हणाल्या. “पण विड्या ते वर पण ओढायचे रे.”

मग म्हणाल्या, “खाली खूश होता पण. होता ना?”

“होते बाई. सगळ्यांना छळत होते.”

“तेच.” ते दोन्ही एका तराजूत घालून बघायचं काम त्या शेवटपर्यंत करत होत्या, हे मला ठाऊक आहे.

लोखंड्यांना वारस नव्हता. कागदावर ते सातव्या मजल्यावर राहत होते. तेव्हा मूळ धारक मयत, वारस नाही, म्हणून सातव्या मजल्यावरची खोली ताब्यात घ्यायला माणसं आली. आत शेवंताबाई आणि मनीषा. तुमची खोली पहिल्या मजल्यावर आहे, तिथे जा, असं त्यांना सांगण्यात आलं. चूक काहीच नव्हतं. बाईंनी अर्ज केले, खेटे घातले, जुन्या भल्या अधिकाऱ्याला शोधलं. तो निवृत्त होऊन गावी गेला होता. नवा अधिकारी नम्र होता. म्हणाला, “मॅडम, तुम्हीच तर यांना खालचा मजला मिळवून दिला होता. फाइलमध्ये तुमचं पत्र आहे. वृद्धापकाळाचा विचार व्हावा म्हणून.”

सील लावायच्या दिवशी मी गेलो होतो. सामान फार नव्हतं. लसणाची पोती, खाट, पुस्तकांची पिशवी. लोखंड्यांनी खिडकीखाली ठोकलेली फळी शेवंताबाईला काढून न्यायची होती, पण ती खोलीची मालमत्ता म्हणून राहिली.

खाली आल्यावर बाई म्हणाल्या, “मनीषा इथे राहायची नाय.” त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. मुलुंडला नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह होतं, तिसऱ्या मजल्यावर, दोन्ही बाजूंना खिडक्या. बाई स्वतः हात पुढे करून बघून आल्या होत्या. तिथे वॉर्डनकडे गयावया करून एक खाट मिळवली होती. मनीषाला एका औषधाच्या दुकानात काम लागलं होतं. पण वसतिगृहात आजीला नेता येत नाही.

“आणि मी?” शेवंताबाईने विचारलं.

“तू इथे. तुझी खोली आहे ना ही. किल्ली तुझी आहे. ती सुटीच्या दिवशी येईल. दार उघडं ठेव, दारात बस, आत बसू नको.”

मनीषा रडत होती आणि नाही म्हणत होती. शेवंताबाई रडत नव्हती. तिने ट्यूबलाइट लावली. मग बाईंकडे वळली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती आठवण काढावी तसं ती बोलली.

“मामी, पुलाखाली व्हतो तवा आमी दोघी एका गोधडीत व्हतो.”

परबबाईंनी वाकून मनीषाची ट्रंक उचलली. मी पुढे झालो, तर कोपराने मला बाजूला केलं. मनीषा आजीच्या पाया पडून मागोमाग निघाली. दोन इमारतींमधल्या गल्लीतून त्या दोघी गेल्या. वरून कोणीतरी कचऱ्याची पिशवी टाकली, ती बाईंच्या पुढे पडली, आणि बाईंनी वर बघून शिवीसुद्धा दिली नाही. पांढरे बूट चिखलातून वळून रस्त्याला लागले. मी त्यांना कामावर शेवटचं पाहिलं ते तिथेच.

त्यानंतर त्या ऑफिसात आल्या नाहीत. राजीनामाही पाठवला नाही. मी दोनदा फोन केला तेव्हा त्यांच्या नवऱ्याने उचलला आणि बराच वेळ बोलला. हिवाळ्यात त्या मुलुंडच्या घरी झोपेत गेल्या. डॉक्टर हृदय म्हणाले. शोकसभा आमच्याच निवारागृहात झाली. विश्वस्त बोलले, सेक्रेटरी बोलले, आणि वॉर्डातल्या त्या सिस्टर, आता निवृत्त झालेल्या, मागच्या रांगेत भाच्यांमध्ये बसून होत्या. शेवंताबाईला कोणीतरी बोलायला उठवलं. ती म्हणाली, मामी चांगली व्हती, आणि बसली. मनीषा तिचा हात धरून होती, रविवार होता.

वसाहतीला मामींचं नाव द्यावं असा ठराव एकमताने झाला. त्यासाठी कोणाची परवानगी लागते याची चौकशी चालू आहे.

सातव्या मजल्यावरची खोली अजून कोणाला दिलेली नाही. सील लावताना खिडकी बंद करायची राहिली, त्यामुळे सध्या तिथे कबुतरं राहतात. त्यांना दिवसभर ऊन मिळतं.